हेटीचं वाचन

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कॉरिन इतकी थकली होती की सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन ती प्यायचंच विसरायची. गावातल्या शाळेला सुट्टी लागली होती. पण कॉरिनच्या तिन्ही मुली घरीच शिकत असल्यामुळे तिला सुट्टी अशी नव्हतीच. उन्हाळ्यात वह्या कमी आणि चिखल जास्त, एवढाच काय तो फरक. नवरा डेल दुधाचा टँकर घेऊन पहाटे विस्कॉन्सिनभर फिरायला निघायचा आणि संध्याकाळी जेवता जेवता पेंगायचा. मधला सगळा दिवस कॉरिनचा.

थोरली लिडिया तेरा वर्षांची, मधली हेटी दहाची आणि मार्गो चारची. वाचनालयाने उन्हाळ्यासाठी प्रत्येकीला एक कागद दिला होता, वाचलेल्या पुस्तकांची नावं लिहायला. हेटीच्या कागदावर बावीस नावं झाली होती. अक्षर लिडियाचं होतं, पण कॉरिनला त्यात काही वावगं वाटलं नाही. हेटीला लिहायचा कंटाळा आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुस्तकातली गोष्ट विचारली की ती अशी रंगवून सांगायची की मार्गो खाणं सोडून ऐकत बसायची.

त्या बुधवारी लिडिया शेजारच्या मळ्यावर बाळ सांभाळायला गेली होती. कॉरिन दोघींना घेऊन ओढ्यावर आली, वाचनालयातून त्याच सकाळी आणलेलं पाण्यातल्या किड्यांचं पुस्तक घेऊन. मुलींनी दगड उलटायचे, जे सापडेल ते पुस्तकात शोधायचं, हा त्यांचा अभ्यास. कॉरिन काठावर बसली आणि तिचे डोळे मिटायला लागले.

"आई, हा बघ केवढा मोठा," हेटी म्हणाली. अंगठ्याएवढा तपकिरी, चपटा किडा तिच्या जाळीत होता.

"पुस्तकात बघ काय म्हणतात ते," कॉरिन डोळे न उघडताच म्हणाली.

पानं उलटल्याचा आवाज आला. मग हेटी न अडखळता वाचू लागली, "हा किडा तळाशी राहतो. तो शेवाळं खातो. तो कुणाला काही करत नाही, आणि लहान मुलं त्याला हातात घेऊ शकतात."

मार्गोने हात पुढे केला. पुढच्या क्षणी तिची किंकाळी ओढ्यापलीकडे पोचली.

कॉरिनने तिला उचलून गाडीत घातलं. घरी येईपर्यंत बोट टम्म सुजलं होतं. बर्फ लावून, आइस्क्रीम देऊन मार्गोला झोपवल्यावर कॉरिनने पुस्तक उघडलं, किडा विषारी तर नाही ना हे बघायला. चित्र तेच होतं. खाली लिहिलं होतं: हा शिकारी किडा आहे, जबर चावतो, हातात धरू नये. विष वगैरे काही नव्हतं. पण शेवाळाचाही कुठे पत्ता नव्हता.

हेटी दारात उभी होती. कॉरिनने पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"ही पहिली ओळ वाच."

हेटी बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षरं ओळखता येतात मला. पण ती एकत्र राहत नाहीत. एकाकडे बघितलं की दुसरं सुटतं."

"आणि ती बावीस पुस्तकं?"

"लिडी वाचते, मी ऐकते. धडेसुद्धा. ऐकलं की माझ्या लक्षात राहतं. तिला रागावू नकोस, मीच तिला शपथ घातली होती."

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून," हेटी म्हणाली आणि रडू लागली. "मार्गोला चावणार हे मला माहीत नव्हतं, आई."

कॉरिनला राग आला असता तर बरं झालं असतं. रागात निदान जोर असतो. ती जिन्याच्या पायरीवर बसली, हेटीला जवळ ओढलं, आणि दहा वर्षं रोज समोर बसलेल्या या पोरीचं आपण नक्की काय बघत होतो, असं तिच्या मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सासूकडे गेली. व्हर्नाने गावच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणाच्या वेळी ती म्हणाली होती, "हेटीकडे जरा बघ, ती वाचत नाहीये." आणि कॉरिनने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "त्या माझ्या मुली आहेत, तुमचा वर्ग नाही." तेव्हापासून दोघींमध्ये सणावारापुरतंच बोलणं उरलं होतं.

व्हर्ना अंगणात शेंगा निवडत होती. कॉरिनने उभ्यानेच सगळं सांगितलं. "तुम्ही तेव्हा बरोबर होतात," शेवटी ती म्हणाली.

"बस आधी. पडशील इथेच." व्हर्नाने शेंगांची परात बाजूला केली. "बरोबर होते म्हणून काय मोठंसं? हेटीसारखी मुलं माझ्याही वर्गात होती. कुणी चित्रं बघून सांगायची, कुणी शेजाऱ्याचं ऐकून. मी वरच्या वर्गात ढकललं त्यांना. त्यातला एक जण परवा दुकानात भेटला, तर औषधाच्या बाटलीवरचं मला वाचायला सांगत होता. चष्मा विसरलो म्हणाला." तिने परातीतली एक शेंग उचलली. "त्याला चष्मा नाहीये."

सोमवारपासून व्हर्ना आठवड्यातून चार सकाळी येऊ लागली. मागच्या ओसरीत ताटात पीठ पसरून ती हेटीला एकेक आवाज म्हणत त्याचं अक्षर बोटाने गिरवायला लावायची. हेटीला ते मुळीच आवडत नसे. एकदा तिने ताट भिरकावलं, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात लपून बसली.

"हे बाळांचं आहे," ती फणकारली.

"असू दे. आपण दोघी बाळं," व्हर्ना म्हणाली आणि पीठ झाडू लागली.

त्या वेळात कॉरिन कपडे धुवायची, हिवाळ्यासाठी टोमॅटो शिजवून बाटल्यांत भरायची, मार्गोला सांभाळायची. काम काही कमी झालं नाही. लिडियाला मात्र हलकं वाटलं असावं. ती पहिल्यांदाच स्वतःसाठी जाडजूड पुस्तक घेऊन सफरचंदाच्या झाडावर चढून बसू लागली.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी कॉरिन खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. जाग आली तेव्हा ओसरीतून हेटीचा आवाज येत होता. गोष्ट सांगताना रंगायचा तसा तो रंगलेला नव्हता. एक शब्द, मग थांबणं, मग तोच शब्द पुन्हा, चुकीचा, मग बरोबर. एका कुत्र्याची अगदी साधी गोष्ट होती, पाच वर्षांच्या मुलांसाठी छापलेली. चार ओळींना हेटीला इतका वेळ लागला की मधे मार्गो कंटाळून निघून गेली.

"आता बास," हेटी म्हणाली. "डोकं दुखतंय."

"बास तर बास," व्हर्ना म्हणाली. "उद्या पाचवी ओळ."

कॉरिन उठली नाही. मक्याची कणसं सोलायची होती, वाळत घातलेले कपडे काढायचे होते. ती तशीच बसून राहिली, आणि ती उठेपर्यंत कुणी तिला हाकही मारली नाही.