वल्ह्याचं पेन

मी एक सळई बोलतेय. पोलादाची आहे, करंगळीहून बारीक. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नसेल. पण लेथवर कातलेलं लाकडी पेन खिशाला लावून कुणी मिरवत असेल, तर ते पेन आधी माझ्यासारख्या एखादीच्या अंगावर गरगर फिरलेलं असतं.

माझं एक टोक लेथच्या तोंडात घट्ट बसतं, दुसऱ्या टोकाला आटे आहेत. आरपार भोक पाडलेला लाकडाचा तुकडा माझ्यावर चढवतात. त्याच्या दोन्ही बाजूंना बुश म्हणजे लहानशा पोलादी कड्या घालतात आणि टोकाला चाकी आवळतात. मग लेथ सुरू होतो, धारदार हत्यार लागतं आणि चौकोनी तुकडा हळूहळू गोल होत जातो. लाकूड सोलताना होणारी ती गुदगुली मला फार आवडायची.

कारखान्यातून निघाले ती थेट लाकूड कातणाऱ्या एका काताऱ्याच्या हाती आले. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत संसार. जमिनीवर सदा भुसा, आणि बायको सदा झाडू घेऊन त्याच्या मागे. "अहो, निदान चपला तरी झटका. भाजीत भुसा येतो," असं ती म्हणायची. तो चपला झटकायचा आणि शर्टावरचा भुसा तसाच घेऊन जेवायला बसायचा.

पेनाला चकाकी आणायला तो पातळ, झटकन सुकणारा गोंद थरावर थर चढवायचा. हा गोंद मोठा लबाड. फटीतून आत शिरतो आणि लाकूड, बुश आणि मी, तिघांना एकजीव करून टाकतो. म्हणून कातारी बुशना आधी मेण चोळायचा. तरीही कधी अडकलंच, तर तो चिडायचा नाही. जोडावर हत्याराचं टोक टेकवून गोंदाची साय कापायचा. बुश जरा गरम करायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हलकेच पिळायचा. एवढ्यानंही सुटलं नाही, तर जोडावर गोंद विरघळवणाऱ्या असिटोनचे थेंब सोडून आत चहा प्यायला जायचा. "चहा होईपर्यंत गोंदाची मस्ती उतरते," असं म्हणायचा. आणि खरंच उतरायची. चहाचा वास असलेल्या हातांनी तो मला मोकळी करायचा.

एके दिवशी त्याची पुतणी आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने पिशवीतून लाकडाचा एक तुकडा काढला. बरीच वर्षं पाणी पिऊन तो काळपट झाला होता.

"काका, बाबांनी पाठवलंय. त्यांचं वल्हं मोडलं. त्याचं एक पेन करा म्हणाले. रविवारी स्वतः न्यायला येतील."

"दादा? इथे येणार?" काताऱ्याने लेथ बंद केला.

मागचा सगळा इतिहास मला नंतर त्याच्या बायकोच्या तोंडून कळला. दोघे भाऊ पूर्वी एकच नाव चालवायचे. नदीवर पूल झाला, उतारू आटले. धाकट्याने वल्हं ठेवून लेथ धरला. थोरल्याने नाव सोडली नाही. एकदा भर घाटावर, चार माणसांसमोर, धाकटा हसत बोलून गेला, "दादा, आता मासे पलीकडे पोचवतोस का रे?" सगळे हसले. थोरला हसला नाही. त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं.

आणि आता त्यानेच वल्हं पाठवलं होतं.

शनिवारी काताऱ्याने तो तुकडा माझ्यावर चढवला. इतक्या जपून कातताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काळपट थराखालून मधासारखा रंग निघाला आणि त्यात पाण्यावरच्या लहरींसारख्या रेषा. तो मध्येच थांबून नुसता बघत राहायचा. मग गोंद काढला. मेणाची डबी रिकामी होती. "एकदा मेण नाही लावलं तर काय बिघडतंय," असं पुटपुटत त्याने तसाच गोंद चढवायला घेतला. वल्ह्याचं लाकूड तहानलेलं. त्याने गोंद घटाघटा पिऊन टाकला, आणि मला जाणवलं की तो माझ्या अंगापर्यंत पोचलाय.

चकाकी मात्र अशी आली, की पेनात खिडकी दिसत होती.

रविवारी सकाळी त्याने चाकी काढली आणि पेन ओढलं. ते हललं नाही. जोडावर कापलं, गरम केलं, पिळलं. तरीही नाही. बायको दारात येऊन उभी राहिली.

"असिटोन सोडा आणि या आत. चहा टाकते."

"असिटोनने चकाकी जाईल. पुन्हा अशी येणार नाही."

"येईल की. नाही आली तर नाही आली. भाऊजी चकाकी बघायला येतायत का?"

"दादा कुठल्याही क्षणी येईल! तुला कळतंय का?"

त्याने पक्कड घेतली. मग हातोडी. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. सुटायची माझी केवढी इच्छा होती, पण गोंदापुढे माझं काही चालेना. दुसऱ्या घावाला मी वाकले. तिसऱ्या घावाला पेन सुटलं, उभं चिरून, दोन फाका होऊन.

तेवढ्यात दारात हाक आली, "धाकट्या, आहेस का?"

काताऱ्याने फाका खणात ढकलल्या. थोरला आत आला. उंच होता, खांदे उतरलेले. बसला नाही. भिंतीवरची हत्यारं पाहिली, लेथवरून हात फिरवला.

"झालं का रे?"

"नाही दादा. म्हणजे... हातात घ्यायचंच आहे अजून. कामं फार आहेत."

थोरल्याने लेथवरचा हात काढला. "बरं," म्हणाला. "काम महत्त्वाचं." बायको चहा घेऊन आली तोवर तो रस्त्याला लागला होता.

"मागे जा ना," ती म्हणाली. कातारी स्टुलावर बसून राहिला. "दुसरं करून मीच नेऊन देतो," म्हणाला. दुसरं करायला लाकूड कुठे होतं? उरलेलं मागायला भावाकडे जावं लागलं असतं, आणि जायला तोंड नव्हतं. आज जातो, उद्या जातो असं चाललं होतं, आणि निरोप आला तो थोरला गेल्याचाच.

काही दिवसांनी पुतणी आली. "काका, त्या लाकडाला हात लावला नसेल तर परत द्या. आठवण म्हणून ठेवीन."

कातारी लेथवरचा भुसा झटकायला लागला. त्याच्या बायकोनेच खण उघडला आणि दोन्ही फाका तिच्या हातावर ठेवल्या. "तुझे बाबा येण्याआधीच केलं होतं गं. अडकलं, आणि ह्यांनी घाई केली. लाजेने बोलले नाहीत."

पुतणीने फाका जुळवून पाहिल्या. चकाकी अजून तशीच होती.

"बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, धाकट्याला वेळ नाही," ती म्हणाली. "काका, त्यांनी तुटकंसुद्धा घेतलं असतं हो."

तिने फाका रुमालात बांधल्या आणि ती गेली. काताऱ्याने त्या दिवशी लेथ सुरू केला नाही.

आता लेथवर दुसरी सळई आहे, सरळ आणि चकचकीत. मला बायकोने मागच्या खोलीत नेलं. खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती मला फटीत अडकवून ठेवते. भांड्यांचे आवाज ऐकू येतात, दोघांचं हळू झालेलं बोलणं ऐकू येतं. पुढच्या खोलीत आता कधी काही अडकलं, तर तो सगळं तसंच टाकून आत येतो आणि चहा टाक म्हणतो. ती टाकते.

तुमच्याही हातात कधी काही घट्ट अडकेल, आणि दारात कुणी येणार असेल. तेव्हा हातोडी शोधू नका. दार उघडा, आणि अडकलंय असं सांगा.