सोसायटीच्या फ्रीजमधलं औषध

फ्रीजमधून औषधाची बाटली बाहेर काढली. आडवी केली, उलटी केली, कानाशी धरून हलवली, पण आतलं पिवळं औषध जागचं हलेना. सहाही बाटल्यांची तीच गत. दगड झाला होता नुसता.

सकाळचे साडेसात वाजले होते आणि नऊ वाजता त्यातल्या तीन साखरामावशीला लावायच्या होत्या.

मी धोंडीराम. केजच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीचा दूध गार ठेवायचा कूलर बघतो. बावीस वर्षं हेच काम. त्या साली दुष्काळानं अशी कंबर मोडली होती की हजार लिटरच्या कूलरला दूध यायचं दीडशे लिटर. निम्म्या गावाची जनावरं चारा छावणीला आणि मी रिकाम्या कूलरपाशी माश्या मारत बसलेलो. बिनकामाचा माणूस घरात बायकोला नको आणि सोसायटीत चेअरमनला नको. तेवढ्यात हे औषध माझ्याकडं आलं आणि मला कोण आनंद झाला.

साखरामावशी आमच्या सोसायटीची जुनी सभासद. जातीची धनगर, घरी मेंढरं आणि दोन गाई. मधुमेहानं ती आधीच जेरीस आली होती, त्यात नाकात बुरशी झाली. बुरशी म्हणजे भाकरीवर येते तसली नव्हे. ही हाडं खाते आणि डोळ्याकडं सरकते. अंबाजोगाईला ऑपरेशन करून तिच्या टाळूचा तुकडा आणि वरचे दात काढले. आता बोलायची ते निम्मं नाकातून. पण जिभेचा पट्टा काही कमी झाला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, रोज एकदा हे इंजेक्शन बाटलीतून चढवायचं, तीन आठवडे, एक दिवस चुकवायचा नाही. म्हणून आमच्या गावच्या दवाखान्यात सोय केली. दवाखान्याचा फ्रीज नेमका जळालेला, लाईट दिवसातून आठ तास गुल. जनरेटर फक्त सोसायटीला. दूध तपासायच्या खोलीत आमचा एक फ्रीज होता, त्यात बाटल्या ठेवायचं ठरलं.

दवाखान्यातल्या सुभद्रा सिस्टर म्हणजे करडी बाई. औषध माझ्या हातात देताना त्यांनी बजावून सांगितलं होतं, दोन ते आठ अंशांच्या मधेच ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, थंडी कमी पडून नासलेलं दूध मी रोज बघतो. थंडी जास्त झाली म्हणून नासलेलं बावीस वर्षांत एकदा बघितलं नाही. गुरुवारी पारा चव्वेचाळीसला गेला. मावशीचं औषध, थंडी कमी पडायला नको, म्हणून मी फ्रीजचं थंडीचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि औषधाचा खोका पार मागं, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही खोटं नाही.

मग काय करणार? बाटल्या तळहातांत धरून बसलो. पाऊण तासात सुटल्या. उजेडाला धरून बघितल्या, तर देवाशपथ सांगतो, कालच्यासारख्याच पिवळ्या. कोणाला कळणार होतं? माझ्या जिवात जीव आला. बर्फाच्या डब्यात बाटल्या घातल्या आणि निघालो.

दवाखान्यात सगळी तयारी होती. मावशी खाटेवर, नवरा सटवातात्या उशाशी. थेंब कमीजास्त करायचं चाक नळीवर असतं, त्याला तात्या हात लावणार नाही अशा बेतानं सिस्टरांनी त्याचं स्टूल लांब ठेवलं होतं. कारण पहिल्याच दिवशी, पाण्याचा टँकर येणार म्हणून, त्यानं हळूच चाक फिरवून थेंब पळवले होते. औषध तीन तासांचं, ते अर्ध्या तासात जायला लागलं. मावशीला अशी हुडहुडी भरली की खाट वाजली. सिस्टरांनी तात्याला जे झाडलं ते बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं. त्यांचं सगळंच असं. औषध ग्लुकोजच्या बाटलीतच मिसळायचं, मिठाच्या पाण्यात घातलं तर फुटतं. बाटलीला उजेड लागू नये म्हणून काळं फडकं गुंडाळायचं. दिवसाआड रक्त तपासायचं, लघवी मोजायची, कारण या औषधाचा मार किडनीवर. काळं फडकं बघून मावशी म्हणायची, माझ्या औषधाला दृष्ट लागू नये म्हणून सिस्टर झटतेत.

सिस्टरांनी हात धुतले, डबा घेतला आणि रोजच्यासारखं विचारलं, फ्रीजमध्ये किती अंश होतं? मी म्हणालो, चार.

बोलून गेलो खरा. सिस्टरांनी पहिल्या बाटलीत सुई घातली. मावशी माझ्याकडं बघून हसली. वरचे दात नसलेलं हसू. म्हणाली, आज डोळ्याखालची सूज निम्म्यानं उतरलीय, बघ. मला तिथं उभं राहवेना.

"सिस्टर, थांबा," मी म्हणालो. "गोठलं होतं. सगळंच. मी हातात धरून सोडवलं."

सिस्टरांनी सुई बाहेर काढली आणि बाटली बाजूला ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाल्या, हे द्यायचं नाही. अंबाजोगाईला साठा असला तर आज मिळेल, नाहीतर सोमवारी.

त्या दिवशी शुक्रवार होता. सटवातात्या उठून माझ्या अंगावरच आला.

"सोमवारपातुर हिचा डोळा गेला म्हंजी? तू देनार का बे डोळा?" मग सिस्टरांकडं वळला. "औषध तर चांगलं दिसतंय. द्या लावून."

सिस्टर म्हणाल्या, "तात्या, गोठून सुटलेलं औषध आतून फुटलेलं असतं. वरून दिसत नाही. बुरशीवर चाललं नाही तर दिवस वाया गेला, आणि अंगाला बाधलं तर किडनी जाईल. मी नाही लावणार."

तात्या ऐकेना. चांगलं दिसतंय, चांगलं दिसतंय, एवढंच धरून बसला. मी भिंतीला टेकून उभा. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात खाटेवरून नाकातला आवाज आला.

"धोंडीराम, चैतात म्या छावनीवरून दूध आनलं व्हतं. तीन कोस चालत. ध्यानात हाय का?"

ध्यानात होतं. मी नळीत तिचं दूध तापवून बघितलं होतं, ते फुटलं म्हणून कॅन मोरीत रिकामा केला होता. ती गयावया करत होती, मी ऐकलं नव्हतं.

"ते बी दिसाया चांगलंच व्हतं," मावशी म्हणाली. "तवा वतलंस का न्हाई? मंग हे बी वत. माझ्याच बारीला कावून इचार करायलास?"

आधी सिस्टरांना हसू फुटलं. तात्या मात्र हसला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घातली, सिस्टरांकडून बर्फाचा डबा घेतला आणि दहाची एसटी गाठायला निघून गेला.

मी सोसायटीत येऊन दार लोटून बसलो. सिस्टरांनी सांगितलंच होतं की नवं औषध मिळालं तर केजच्या मेडिकलवाल्याकडं ठेवू, त्याचा फ्रीज मोठा आहे. बरोबरच होतं त्यांचं. मावशीचा डोळा वाचला, तीन आठवडे पुरे झाले, किडनीही शाबूत राहिली, हे सगळं पुढचं. त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फ्रीज पुसत होतो, पुन्हा पुन्हा तोच पुसत होतो.

साडेपाचला दार वाजलं. सटवातात्या धुळीनं माखून उभा होता. औषध मिळालं होतं. आजच्या तीन बाटल्या सिस्टरांकडं पोचवून तो आला होता आणि डबा अजून त्याच्या काखेत होता. केज तर त्याच्या वाटेवरच होतं.

मी विचारलं, "मेडिकलवर नाही दिलं?"

"न्हाई." तो माझ्याकडं न बघताच बोलला. "सकाळी निघतानाच आमची ही म्हनली, मेडिकलवाल्याचं काई बिघडलं तर तो सांगायचा न्हाई."

त्यानं डबा माझ्या हातात दिला. फ्रीज उघडून बघितला नाही, कुठं ठेवणार म्हणून विचारलं नाही. जनावरांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाला आणि छावणीच्या वाटेला लागला.