चोच पंखात

मास्तर उद्या थोरल्या लेकाकडे कायमचे राहायला जाणार होते. तिथून समुद्र इतका लांब, की खारा वारासुद्धा अर्ध्या वाटेतून कंटाळून परत फिरेल. म्हणजे आजची भरती त्यांची शेवटची. जन्मभर शिलाई मशीनवर मान मोडून म्हातारपणी या माणसाला पक्ष्यांचं वेड लागलं, आणि नेमका एकच पक्षी बघायचा राहिला: चमच्यासारख्या चपट्या चोचीचा तो पांढरा. बाकी सगळ्यांना तो दिसला होता. अभयारण्याच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्यालाही दिसला होता, आणि तो तर दिवसभर पेंगत असतो.

थंडीतलं धुकं खाडीवर असं पसरलं होतं, की आपण कुठे संपतो हे पाण्याला आणि आभाळाला दोघांनाही आठवत नसावं. पक्षी बघण्यासाठी बांधलेल्या लाकडी खोलीच्या फटीला दुर्बीण लावून मास्तर बसले होते. शेजारी धाकटी लेक. जावई मघाशी "जरा मोकळा होऊन येतो" म्हणून बाहेर पडले होते. अंगात सासऱ्यांनी शिवलेला कोट. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून मास्तरांनी त्याचं कापड चहाच्या पाण्यात, चिखलात आणि शेवाळात मुरवलं होतं. लेक त्या कोटाला घरात घेत नसे.

भरती चढली तसे बाहेरच्या चिखलावरचे पक्षी थव्याथव्याने आत आले आणि उथळ पाण्यात उतरले. आवाज नाही, नुसती पंखांची सळसळ. कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

"बाबा, हे अजून आले नाहीत."

"गाडीत झोपले असतील. लग्नाच्या फोटोतसुद्धा डोळे मिटलेलेच आहेत त्यांचे." मग मास्तर फटीला आणखी चिकटले. "चिमे, तो खुंट दिसतो का? त्याच्या शेजारी बघ."

एक पांढरा पक्षी एका पायावर झोपला होता. चोच पंखात.

"बगळा असेल."

"बगळ्याची ठेवण अशी नसते. पण चोच दिसेपर्यंत मी मानणार नाही. माप घेतल्याशिवाय कात्री लावली नाही कधी." मास्तर बघतच राहिले. "खुंट मात्र झकास आहे. मागच्या वर्षी नव्हता."

लेकीने दुर्बीण ओढून घेतली. काच पुसून पुन्हा बघितलं.

"बाबा, खुंटाला चष्मा आहे."

पक्षी बसले की माणसाने हलायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. जावई तो पाळत होते. थवा उतरला तेव्हा ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत, गुडघाभर चिखलात, एक हात अजून चेनवर. डोक्यावर एक इवलासा पक्षी बसून पिसं साफ करत होता. खांद्यावर दुसरा झोपला होता.

"फोन करते."

"फोन वाजला की सगळे उडतील. तो आत्ता उठेल, चोच काढेल. थोडं थांब."

थोडं थोडं करत पाणी मांडीपर्यंत आलं. धुक्यात सगळंच डुलत होतं, पक्षी, पाणी, जावई; आणि त्या पांढऱ्याला गाढ स्वप्न पडलं असावं, कारण पंख मधूनच शहारत होता.

"कमरेच्या वर पाणी येत नाही इथे," मास्तर म्हणाले.

"नवरा आहे माझा. पँट नाही, भिजली तर वाळत घालायला."

मास्तरांनी पुन्हा डोळा लावला. जावयांचे ओठ जांभळे पडले होते. आणि ते अगदी हळू, नुसत्या बुबुळांनी, त्या पक्ष्याकडे बघत होते. ऊठ बाबा, एकदा चोच दाखव, असं विनवत असल्यासारखे.

मास्तरांनी दुर्बिणीला झाकण लावलं. दार उघडून बाहेर गेले आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

अख्खी खाडी उडाली. मास्तर खाली बघत, पायांनी तळ चाचपत पाण्यात शिरले होते. पांढरा पक्षी मान लांब करून बरोबर त्यांच्या टोपीवरून गेला. ते जावयांचा हात शोधत होते.

गाडीत जावई चादर गुंडाळून कुडकुडत होते. लेक पुढे बसून दोघांनाही आलटून पालटून शिव्या घालत होती.

"चोच दिसली?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"दिसली, मामा."

"टोकाला गोल, की चौकोनी?"

"गोल. मध्ये निमुळती."

वाफ धरलेल्या काचेवर मास्तरांनी अंगठ्याने रेघ ओढली, गळा बेततात तशी.

जावयांनी चादरीतून मान बाहेर काढली. "अजून थोडी रुंद घ्या."

मास्तरांनी रुंद घेतली.