गोळी एवढी खाली कशी गेली?

मित्रांनो, हाताच्या पंजात मावेल एवढा मी एक कॅल्क्युलेटर आहे, आणि आता चांगलाच म्हातारा झालोय. पण बेरीज-वजाबाकी करणाऱ्यांपैकी मी नव्हे. लांबच्या नेमबाजीत गोळी किती खाली येईल, ते सांगणं हे माझं काम.

सुटलेली गोळी सरळ जाते असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. बंदुकीतून निघाल्या क्षणापासून ती फेकलेल्या चेंडूसारखी खाली झुकू लागते. अंतर, हवेची थंडी, गोळीचा वेग हे सगळं मला सांगितलं की मी एक आकडा देतो. नेमबाज रायफलवरच्या दुर्बिणीची चकती तेवढी फिरवतो. मग नेम धरताना रायफलचं तोंड आपोआप तेवढं वर उचललं जातं.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात चिप बसवली आणि मला खोक्यात निजवलं. डोळे उघडले ते वहिनींच्या शिवणाच्या टेबलावर, कात्री आणि टेपच्या शेजारी. वहिनी कपडे शिवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जायच्या. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवायचे. धाकटी नणंदही सोबत असायची. घरात तिला सगळे बबडी म्हणत, आणि तिच्या तोंडचं 'वहिनी' मीही उचललं.

पहिली वर्षं माझं फार कौतुक झालं. तीनशे मीटर असो की सहाशे, मी सांगावं आणि गोळीनं तिथेच जावं. "गुणाचं गं माझं लेकरू," म्हणत वहिनी माझा पडदा पदरानं पुसायच्या.

मग एकदा दुर्बिणीत आतून वाफ धरली. यजमानांनी ती दुकानात उघडली, भिंगं पुसली आणि पुन्हा बंद केली. "बघ, नव्यासारखी झाली," असं ते येईल त्याला सांगत सुटले.

त्यानंतर वहिनी पहिल्यांदाच हजार मीटरवर गोळी मारणार होत्या. तिथे लक्ष्याच्या खाली, मातीच्या बांधाआड एक खोल खंदक असतो. त्यात बसून कुणीतरी लक्ष्य खाली ओढतं, भोक कुठे पडलं ते बघतं आणि वॉकीटॉकीवर कळवतं. त्या दिवशी खंदकात बबडी होती.

मी आकडा दिला. वहिनींनी चकती फिरवली, श्वास सोडला, चाप ओढला.

लक्ष्य हललंच नाही. त्याच्या खाली, बांधाच्या काठावर मातीचा फवारा उडाला.

"बबडे, कुठे लागली गं?"

वॉकीटॉकी नुसती खरखरली.

"बबडे? अगं, बोल ना!"

वहिनींनी मला मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांच्या अंगठ्याचा घाम माझ्या पडद्यावर पसरत होता. यजमान उठून धावायलाच निघाले, तेवढ्यात बारीक आवाज आला.

"आहे मी, वहिनी. बांधावरचा खडा उडून लागला. रक्त येतंय कपाळातून... पण आहे."

बबडीच्या कपाळाला टाके पडले. मैदानप्रमुखांनी वहिनींना बोलावून सांगितलं, "कारण सापडेपर्यंत ही रायफल लांब पल्ल्यावर चालणार नाही."

घरी आल्या आल्या यजमानांनी मला टेबलावर आपटलं. "हे डबडंच थापा मारतंय. जवळचं नीट सांगतं, लांबचं विचारलं की घोळ. वेगाचा आकडा थोडा कमी कर, म्हणजे जुळेल."

"वेग आपण यंत्रावर मोजून घातलाय ना?"

"म्हणून काय झालं? उत्तर जुळल्याशी मतलब."

"आज जुळेल हो. उद्या अंतर बदललं, की पुन्हा चुकेल. आणि खाली कोण बसलेलं असतं?"

यजमानांनी ऐकलं नाही. ते माझी बटणं दाबू लागले. मला खरं-खोटं कळत नाही. खोटा आकडा घातला असता, तर मी छातीठोकपणे खोटं उत्तर दिलं असतं.

वहिनींनी मला त्यांच्या हातून काढून घेतलं. "आधी दुर्बीण तपासू."

"दुर्बिणीला काहीही झालेलं नाही! मी स्वतः..." यजमान मध्येच थांबले.

कोचावर पडलेली बबडी म्हणाली, "दादा, तपासू दे ना वहिनीला."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कपडे बेतायचा लांबलचक कागद मैदानावर शंभर मीटरवर लावला. ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ आखली. तळाशी एक ठिपका काढला. नेम दर वेळी त्याच ठिपक्यावर धरायचा, फक्त चकती थोडी थोडी पुढे फिरवायची. मग भोकं रेघेवर पायऱ्यांसारखी वर चढायला हवीत.

ती चढली. एक, दोन, तीन, चार... सगळी सारख्या अंतरावर. यजमानांचा चेहरा खुलू लागला. आणि मग पुढची तिन्ही भोकं एकाच जागी, एकमेकांना चिकटून पडली.

चकती फिरत होती, टिकटिक वाजत होती, पण तिच्याबरोबर सरकायला हवी ती दुर्बिणीच्या आतली नळी अडून बसली होती. जवळच्या अंतराला चकती तिथवर फिरवावीच लागत नसे, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता.

यजमानांनी कागदाजवळ जाऊन त्या तीन भोकांवर बोट ठेवलं. "दुर्बीण उघडली तेव्हा नळीला रेटणारी स्प्रिंग मीच परत बसवली होती," ते हळूच म्हणाले. "वाकडी बसली असणार. आणि मी तुझ्या हातून बबडीवर..."

दुर्बीण जिथे बनली होती, तिथल्या कारागिरांकडे पाठवली. ती परत आल्यावर तसाच कागद लावला. भोकं शेवटपर्यंत नीट चढली. मैदानप्रमुखांनी स्वतः मोजून होकार दिला.

पुन्हा हजार मीटर. "खंदकात मीच बसणार," बबडी म्हणाली. यजमान हेल्मेट घेऊन तिच्या मागोमाग गेले.

आता वहिनींची दोन माणसं त्या बांधामागे होती. वहिनींनी मला विचारलं, मी आकडा दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. चकती फिरवली आणि तिच्यावरचा आकडा पुन्हा माझ्याशी ताडून पाहिला. मग गोळी सुटली.

लक्ष्य खाली गेलं. वॉकीटॉकी गप्प.

"वहिनी," आवाज आला, "मधोमध. आता दादाला डोळे उघडायला सांगू का?"

वहिनी हसता हसता चटईवर डोकं टेकवून रडल्या.

हल्ली हे गणित फोनवर होतं आणि मी खणात पडून असतो. तक्रार नाही. फक्त एवढंच सांगायचंय, मित्रांनो: यंत्राचं उत्तर आणि खरी गोळी जुळली नाही, तर आकडे मुरगळून जुळवू नका. चूक जिथे असेल तिथे जाऊन ती शोधा, मग ती आपल्याच हातची का असेना. पलीकडे कुणीतरी भरवशानं बसलेलं असतं.