उताराचा माणूस

आमचे हे वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. उजवा हात गेला, म्हणजे शिल्पकाराचं सगळंच गेलं. जीभ आणि नजर मात्र शाबूत, आणि दोन्ही पहिल्यापेक्षा तिखट. भिंतीवरचं कॅलेंडर नखभर कललं तरी पलंगावरून मला बोलणी बसतात.

हे शिकवायचे त्या विद्यापीठात ग्रंथालयामागे एक उतार होता. तिथे काय बसवायचं हे ठरवायला हे कित्येक महिने नुसते त्या गवतात जाऊन बसायचे. लोक हसायचे, मीही चिडायचे. मग यांनी दगडाचा एक माणूस घडवला. वाकलेला, खांदा आणि पाठ उतारात रुतवून उभा. तो हलला तर अख्खं ग्रंथालय खाली येईल, असं बघणाऱ्याला वाटायचं. पाठ मातीत जाणार म्हणून ती मुद्दाम खडबडीत सोडली होती. अर्धा मी केलाय, अर्धा उताराने, असं हे सांगायचे.

यंदा पार्किंगसाठी तो उतारच सपाट केला. कळलं तेव्हा मी कुलसचिवांच्या ऑफिसात जाऊन भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांनी यांच्याबद्दल काही लपवून ठेवलं नव्हतं, तेव्हा मला एकच गोष्ट उरली. यांना हे कळता कामा नये. आपला माणूस आपल्या जागी उभा आहे, एवढं समजून हे जावेत. मी पेपर बंद केला, भेटायला येणाऱ्यांना दारातच दम भरला. विभागप्रमुखालाही फोनवर बजावलं. तो यांचाच विद्यार्थी, माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला.

तोच काल कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन दारात उभा. मी अडवलं.

"वहिनी, सर खूश होतील," तो हळूच म्हणाला. "मागच्या आडोशातून काढून थेट मुख्य दारासमोर आणलंय. पाठ अर्धवट राहिली होती, तीही घासून पॉलिश करून घेतली."

शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, याला हातोडाही पुरला नसता. परत जा म्हणून मी त्याला ढकलत होते, तेवढ्यात आतून यांनी विचारलं, कोण आहे, आणि आवाज ओळखून त्याला आत बोलावलं. फ्रेम लपवायला जागा नव्हती. यांनी ती मागितलीच.

फोटोत हिरवळ, तिच्यावर चकचकीत चौथरा, त्यावर तो माणूस. पाठ गुळगुळीत, खांदा हवेला टेकवलेला. हे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हात चांगला आहे," शेवटी हे म्हणाले. "पण करणाऱ्याने जागा बघितलेली दिसत नाही. कोणाचं काम?"

विभागप्रमुख तोंड उघडणार, तोच मी त्याचा दंड घट्ट धरला. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. यांना कळलं नव्हतं, मला हेच तर हवं होतं. पण आपलंच लेकरू बापाने परकं म्हणून परत करावं तसं झालं.

"कोणीतरी नवीन आहे," मी कसंबसं म्हणाले.

यांनी डाव्या हाताने फ्रेम विभागप्रमुखाकडे सरकवली.

"मग पाठव त्याला माझ्याकडे. शिकेल अजून."

विभागप्रमुख खाली मान घालून हो म्हणाला.