ॲलर्जीचा रकाना

भावाच्या गळ्यातला वैद्यकीय नोंदींचा पेनड्राइव्ह ताईनेच भरून दिला होता. सदतीस वर्षे वॉर्डात काढून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली बाई. तिच्या नोंदीत काना-मात्रेचीही चूक नसणार, हे घरात सर्वांनी धरूनच चालले होते. त्यात रक्तगट होता, चष्म्याचा नंबर होता, मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेची तारीखही होती. ही शेवटची नोंद चारचौघांनी वाचावी असे भावाला वाटत नव्हते, पण ताईने त्याला विचारले नव्हते. आणि सर्वांत वर, लाल अक्षरांत: पेनिसिलिन. ॲलर्जी. गंभीर.

हे तीन शब्द आता त्याच्या जिवावर उठले होते. हृदयाच्या झडपेत जंतुसंसर्ग होऊन नऊ दिवस झाले होते. त्या जंतूवर पेनिसिलिनसारखे खात्रीचे औषध नव्हते. पण पेनड्राइव्ह वाचून बसलेल्या रुग्णालयाच्या संगणकाने त्याची मागणी दोनदा फेटाळली होती. बदली औषधाने ताप हटेना, आणि मूत्रपिंडे मात्र खचत चालली होती.

"ही नोंद कोणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"माझी," ताई म्हणाली. "लहानपणी इंजेक्शननंतर त्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या."

"किती वेळाने?"

"इंजेक्शन सकाळी. गांधी संध्याकाळी."

"ओठ सुजले? श्वास अडला?"

"नाही."

"मग 'गंभीर' कशावरून?"

खाटेवरून भाऊ खेकसला, "विचारा, विचारा! जन्मभर मी दुकानदारांची वजनं तपासली. शिक्का आहे म्हणजे वजन खरं, असं म्हणणाऱ्यालाच आधी धरायचो. हिच्या शिक्क्याला मात्र कोणी हात लावायचा नाही."

"गप्प पड. दम लागेल."

"तुझ्यामुळेच लागलाय."

"वन्सं, नोंद बदलायचा तुमचा पासवर्ड तेवढा द्या," वहिनी म्हणाली. "तुमचं मोठेपण तुमच्यापाशी राहू दे."

"नुसता पासवर्ड पुरणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ॲलर्जी खरोखर गंभीर असेल, तर चाचणीची सुईसुद्धा जीव घेऊ शकते. त्या दिवशी दुसरं काही घडलं होतं का? नवं खाणं, किडा चावणं, झाडपाला?"

हाच प्रश्न ताईने हजारो रुग्णांना विचारला होता, आणि उत्तर देताना कोण चाचरतो हे तिला चेहऱ्यावरून कळत असे. त्या वेळी ती अकरा वर्षांची होती, भाऊ सात. त्याने आईकडे चुगली केली, तिने मार खाल्ला, आणि मग दोरीवरच्या त्याच्या बनियनला तिने काहीतरी चोळले. गांधी उठल्या तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनवर बोट ठेवले. ती भीतीने गप्प राहिली. पुढे परिचर्या शिकताना ॲलर्जी म्हणजे काय ते तिला नीट कळले, पण तोवर आईची कहाणी दगडावरची रेघ झाली होती. गेल्या वर्षी पेनड्राइव्हच्या नोंदी भरताना ॲलर्जीच्या रकान्यात तिचे बोट 'नाही'वरच गेले होते. शेजारी उभी असलेली वहिनी तेव्हा म्हणाली, "सासूबाई सांगायच्या ना, हे मरता मरता वाचले." आणि ताईने 'गंभीर' दाबले.

"खाजकुइली," ताई म्हणाली. "मी त्याच्या बनियनला चोळली होती."

भाऊ उठून बसू पाहत होता. "सत्तावन्न वर्षं! माझा पाय चिघळला, पेनिसिलिन चालत नाही म्हणून दोन महिने लोळत होतो. तेव्हा उशाशी बसून सफरचंद कोण कापत होतं?"

"मीच."

"आणि तोंड शिवलं होतंस?"

"चुगली कोणी केली होती?"

"सात वर्षांचा होतो मी!"

"भांडण बाहेर," डॉक्टरीणबाईंनी दटावले. "आणि गोष्ट खरी असली, तरी तो पुरावा नव्हे. चाचणी करू."

त्याच्या हातावर तीन टोचण्या झाल्या: खारे पाणी, हमखास गांध उठवणारे द्रावण आणि पेनिसिलिन. वीस मिनिटांनी मधलीच तेवढी फुगली होती. मग देखरेखीखाली अल्प मात्रा दिली. तासभर काही झाले नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या सहीने संगणकाचा नकार रद्द केला आणि पूर्ण मात्रेची बाटली टांगली गेली.

ताईने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला; नोंद पुसायला त्यातला प्रोग्राम 'बदलाचे कारण' मागत होता. ते बदलणाऱ्याच्या नावासह कायम राहणार होते. ताईने लिहिले: 'पूर्वीची माहिती अपुरी.'

"दाखव," भाऊ म्हणाला. त्याने वाचले. "अपुरी? खोड ते. लिही, 'मी खोटं सांगितलं.'"

"'चाचणी नकारात्मक' एवढं पुरतं."

"तुमच्या वॉर्डात पुरत असेल."

ताईने खोडले. त्याने सांगितले तसेच, एक अक्षर कमी न करता, लिहिले.

"आता पासवर्डच्या पानावर जा आणि लॅपटॉप इकडे दे. नवा मी टाकतो. तोंड तिकडे कर."

तिने भिंतीकडे तोंड केले. कळा दाबल्याचे आवाज तिने मोजले नाहीत.

वहिनीने तिची पर्स तिच्या हातात आणून दिली. "भेटीची वेळ संपली, वन्सं."

ती संपायला पाऊण तास होता. रुग्णालयांच्या वेळा त्या खोलीतल्या नातेवाइकांत ताईइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. तिने पर्स खांद्याला लावली आणि दार आवाज न करता ओढून घेतले.