शालूबाईंनी काय विचारलं?

मी मीम बोलतोय. बावचळू नका, रोज तुमच्या फोनवर येतात त्यांतलाच मी एक. एक बाई हात वर करून, तोंड उघडून उभी आहे आणि तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत काहीतरी खवचट लिहिलंय. तो मीच.

माझा जन्म कोल्हापूरहून बिद्रीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, दूध संस्थेच्या वार्षिक सभेत झाला. या सभांची एक रीत आहे. अध्यक्ष विषय वाचायला लागले, की एक गट 'मंजूर, मंजूर' ओरडतो आणि दुसरा 'नामंजूर'. विषय कुठला ते नंतर बघतात, बघितलं तर. त्या गदारोळात शालूबाई उठल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. तेवढ्यात ऋतुराजने फोटो काढला आणि सभा संपायच्या आत त्यावर लिहिलं, 'विरोधकांना आत्ता जाग आली!'

ऋतुराज सत्ताधारी गटाचा, शालूबाईंच्या शेजारच्याच घरातला. पोरगा वाईट नव्हे. बोटांना मात्र दम धरवत नाही.

तासाभरात विरोधकांनी तोच फोटो उचलला अन् लिहिलं, 'चहा मिळाला, मंजूर!' दोन दिवसांत मी गाव सोडलं. आठवडाभरात जिल्हा परिषदेच्या, विधानसभेच्या, अगदी दिल्लीच्या भांडणातही जाऊन आलो. चंदगडच्या एकाने मला धर्म वाचवायला लावलं, पुण्याच्या एकाने संविधान. माझ्याखाली माणसं एकमेकांची आई-बहीण काढत होती. 'तू कुणाचा चमचा?' यापुढे चर्चा जाईना. खरं सांगतो, मला राग येत नसे, नवल वाटायचं. एवढ्या हजारो लोकांत एकालाही ही बाई काय विचारतेय, हे जाणून घ्यावंसं वाटू नये? मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

एके सकाळी शालूबाईंच्या सुनेने, संयोगिताने, गोठ्याच्या दारात मला सासूसमोर धरलं. शालूबाईंनी पदराने काच पुसून मला निरखून पाहिलं.

"ह्यात मी काय इचारलं ते कुटं हाय?"

"ते न्हाय की लिवलेलं, आत्ती."

"मग काय लिवलंय एवढं? शेजारच्या गावचा जनावरांचा डाक्टर म्हयनाभर हिकडं फिरकला न्हाय, आमच्या म्हशीनं चारा सोडलाय, त्यो कवा येणार, एवढंच इचारलं हुतं."

असं होय! मला फार आनंद झाला. संयोगिताने तेच वाक्य माझ्याखाली लिहिलं आणि मला गावाच्या ग्रुपवर सोडलं. आता उत्तर येणार म्हणून मी वाट बघत बसलो. चाळीसेक हसरे चेहरे आले. एकाने लिहिलं, 'ही कुणाच्या गटाची?' दुसऱ्याने लिहिलं, 'तुमच्या काळात तरी डॉक्टर होता का?' मग दोन्ही गट तिथंच जुंपले आणि डॉक्टर राहिला बाजूला.

चौथ्या दिवशी म्हैस गेली. तिला उचलायला गल्ली जमली, त्यात ऋतुराजही होता. त्याच्या खिशात मी होतोच.

"काकी, काय झालतं म्हशीला? आदी सांगायचं न्हाय व्हय?"

शालूबाईंनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं.

"सांगितलं की सभेत. तूच फोटो काढलास न्हवं?"

ऋतुराजने वाकून म्हशीचे मागचे पाय धरले. घरी गेल्यावर त्याने मला पुसून टाकलं. पण मी काय एकाच फोनमध्ये राहतो? कुठल्या तरी निवडणुकीत मला पुन्हा कामाला लावतीलच. तुमच्याकडे आलो तर हसा, माझी ना नाही. फक्त पुढे पाठवायच्या आधी त्या बाईकडे एकदा नीट बघा. मी जगभर हिंडलो, पण शेजारच्या गावातल्या डॉक्टरपर्यंत मला कुणी पोचवलं नाही.